लोक दात घासतच होते, मग टूथपेस्टचा सेल पडला कसा?

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या, म्हणजे दुकानांना साबण-टूथपेस्ट पुरवण्याच्या धंद्यात एक गंमत झाली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले, दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने शिक्कामोर्तब केलं. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांवरचा कर २२ सप्टेंबरपासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार होता. अशा वेळी शहाणा व्यापारी काय करतो? गोडाऊनमधला जुना माल संपवत बसतो, नवा उचलत नाही. तसंच झालं. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत कोलगेटच्या भारतीय कंपनीची विक्री आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाली, आणि कंपनीने बोट दाखवलं ते या कर-बदलाकडे. हिंदुस्थान युनिलिव्हरनेही कळवलं, की वितरक आणि दुकानदार आधी हातातला साठा संपवताहेत, म्हणून विक्रीला फटका बसतोय.

बातमी वाचून माझ्या मेव्हण्याने विचारलं, "म्हणजे लोकांनी महिनाभर दात घासले नाहीत?"

प्रश्न बावळट वाटतो, पण तो अगदी मुळावर बोट ठेवतो. लोक रोजच्यासारखेच दात घासत होते, तरी 'विक्री' कमी झाली. कारण कंपनी ज्याला विक्री म्हणते आणि तुम्ही-आम्ही ज्याला विक्री म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेल्सच्या नोकरीतला बराचसा ताण, महिनाअखेरची पळापळ, साहेबांचे रात्री दहाचे फोन, हे सगळं या फरकातून येतं. मी सोलापूर-पंढरपूर पट्ट्यात आधी सेल्स ऑफिसर आणि मग एरिया मॅनेजर म्हणून बरीच वर्षं काढली. तेव्हा हे कोडं आतून सांगतो.

डबा दिला की डबा संपला?

आई सकाळी मुलाला डबा भरून देते. डबा दिला, ही झाली पहिली गोष्ट. मुलाने मधल्या सुट्टीत तो उघडला, ही दुसरी. आणि पोळीभाजी खरंच पोटात गेली, ही तिसरी. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला, तर "मी रोज डबा देते" या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

मालाचंही असंच आहे. कारखान्यातला माल कंपनीच्या डेपोतून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे तालुक्याच्या किंवा शहराच्या वितरकाकडे जातो. हा 'प्रायमरी' सेल. डिस्ट्रिब्युटरकडून तो किराणा दुकानात जातो, तो 'सेकंडरी'. दुकानातून तुमच्या पिशवीत पडतो, तो खरा खप. हिशेबाच्या नियमांप्रमाणे मालाचा ताबा खरेदीदाराकडे गेला की विक्री झाली. इथे खरेदीदार कोण? डिस्ट्रिब्युटर. त्यामुळे त्याच्या नावाने बिल फाटून गाडी पोहोचली, की कंपनीच्या वहीत विक्री लागते. ते खोके पुढे दुकानात गेले की गोडाऊनमध्ये उंदरांना सोबत करताहेत, याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

यात लबाडी काही नाही. डिस्ट्रिब्युटर हा स्वतंत्र व्यापारी असतो, बहुतेक वेळा आगाऊ किंवा थोड्या दिवसांत पैसे भरून माल घेतो. अडचण पुढे सुरू होते, जेव्हा टीमचं टार्गेट याच पहिल्या आकड्यावर ठरतं.

कोण कोणाचा माणूस?

दुकानात वही किंवा मोबाइल घेऊन येणारा जो पोरगा तुम्ही पाहता, तो कंपनीचा माणूस आहे असं तुम्हाला वाटतं. त्याच्या शर्टावर कंपनीचं नाव असतं, पगार मात्र बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिब्युटर देतो. कधी कंपनी त्यातला काही वाटा उचलते, कधी एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या नावावर त्याची नोकरी असते. त्याच्यावर सेल्स ऑफिसर, जो चार-सहा डिस्ट्रिब्युटर सांभाळतो. त्याच्यावर दोन-तीन जिल्ह्यांचा एरिया मॅनेजर, मग रिजनल मॅनेजर, आणि वर मुंबईत किंवा गुरुग्राममध्ये बसलेले मोठे साहेब.

शिडी बघायला सरळ आहे. पण एक पायरी निसरडी. सेल्समनला मालक दोन: पगार देणारा शेठ आणि काम सांगणारा ऑफिसर. शेठला हवी वसुली, ऑफिसरला हवी ऑर्डर. "उधारी आण, मग नवा माल" असं सकाळी शेठ सांगतो, आणि दहा मिनिटांनी ऑफिसर सांगतो, "उधारीचं नंतर बघू, आज दहा दुकानांत नवा साबण लागलाच पाहिजे." या दोघांच्या मध्ये उभं राहून जो पोरगा हसत दुकानाची पायरी चढतो, त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे.

चाळीस दुकानं, प्रत्येकी आठ मिनिटं

सेल्समनच्या रोजच्या ठरलेल्या मार्गाला 'बीट' म्हणतात. सोमवारी स्टेशन रोड, मंगळवारी नवी पेठ, असं. एका बीटवर साधारण चाळीस दुकानं धरा. एका दुकानात आठ मिनिटं, म्हणजे तीनशे वीस मिनिटं, सव्वापाच तासांच्या वर. चालणं, ऊन, चहा, आणि "मालक जेवायला गेलेत, नंतर या" हे वेगळं.

आठ मिनिटांत काय होतं? अनाडी सेल्समन काउंटरपाशी उभा राहून विचारतो, "मालक, काय लागतंय?" मालक गिऱ्हाइकाला साखर तोलत मान न वळवता म्हणतो, "काही नाही." कॉल, म्हणजे त्या दुकानाची भेट, संपला. जाणता सेल्समन तोंड उघडण्याआधी फळीकडे बघतो. शाम्पूच्या पुड्यांची माळ संपत आलीय. मोठी टूथपेस्ट आहे, दहा रुपयांची नाही. आपला साबण मागच्या खेपेला डोळ्यासमोर होता, आता खालच्या फळीवर गेलाय आणि त्याच्या जागी दुसऱ्याचा आलाय. मग तो म्हणतो, "मालक, दहावाली पेस्ट संपली वाटतं. एक डझन टाकतो. आणि तो साबण खाली का गेला? काही तक्रार आली का?" इथून खरी बोलणी सुरू होतात. कधी कळतं की वास बदललाय म्हणून दोन गिऱ्हाइकांनी परत आणला. कधी कळतं की गेल्या वेळचा फाटका माल अजून कोणी बदलून दिलेला नाही, म्हणून मालक रुसलेत.

चाळीस दुकानांपैकी समजा चोवीस दुकानांनी ऑर्डर दिली. ते 'प्रॉडक्टिव्ह कॉल'. प्रत्येक बिलावर किती वेगवेगळ्या वस्तू आल्या, त्याला म्हणतात 'लाइन'. या दोनच संज्ञा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता आपला एक काल्पनिक डिस्ट्रिब्युटर घेऊ. त्याच्याकडे दोन सेल्समन. प्रत्येकाची रोज चोवीस बिलं, बिलामागे सरासरी चार लाइन, बाराशे रुपये. रोजचे झाले २८,८०० रुपये. पंचवीस दिवसांचे ७ लाख २० हजार. दोघांचे मिळून १४ लाख ४० हजार. उरलेले साडेपाच-पावणेसहा लाख घाऊक व्यापाऱ्यांकडे जातात. म्हणजे या बाजारात महिन्याला खरा खपणारा माल साधारण २० लाखांचा.

टार्गेट येतं कुठून?

बहुतेकांची समजूत अशी, की कोणीतरी बाजाराचा अभ्यास करून टार्गेट काढतं. काही कंपन्यांत तसं होतंही. पण मी पाहिलेला सर्वसाधारण प्रकार असा: वर एक आकडा ठरतो, समजा यंदा १५ टक्के वाढ. तो रिजनल साहेबांना मिळतो, ते खालच्या एरियांना वाटतात, एरियावाला ऑफिसरांना, ऑफिसर डिस्ट्रिब्युटरांना. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढत जावी तसा. फक्त इथे कोणी "पुरे" म्हटलं तरी वाढपी थांबत नाही.

आणि ही १५ टक्के वाढ कशावर? गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या प्रायमरीवर. इथे खरी गोम आहे. आपल्या डिस्ट्रिब्युटरकडे गेल्या वर्षी खप होता १८ लाखांचा, पण महिनाअखेरीला आकडा पुरा करायला ऑफिसरने दोन लाखांचा माल जास्तीचा ढकलला होता. वहीत लागले २० लाख. यंदा त्यावर १५ टक्के चढवून टार्गेट झालं २३ लाख. खप मात्र १८ वरून २० वर गेलाय, म्हणजे बाजार अकरा टक्क्यांनी वाढलाय, पोरांनी खरोखर घाम गाळलाय. तरी टीम तीन लाखांनी 'फेल'.

गेल्या वर्षीचं खोटं यंदाचा पाया होतं, ते असं. आणि ज्या ऑफिसरने ते खोटं उभं केलं, तो बहुधा बढती घेऊन नाशिकला गेलेला असतो.

यात सणवार आणि पीकपाण्याचा विचार तर फारच कमी होतो. पंढरपुरात आषाढी कधी जूनच्या अखेरीस येते, कधी जुलैच्या मध्यावर किंवा त्याही पुढे. वारीच्या आठवड्यात छोट्या पुड्या, बिस्किटं, साबणाच्या वड्या यांना जो उठाव असतो, तो वर्षात दुसऱ्या कुठल्या आठवड्यात नसतो. एकादशी पुढच्या महिन्यात सरकली, तर गेल्या वर्षीच्या महिन्याशी तुलना करून काय मिळणार? एकदा मी हे एका मीटिंगमध्ये सांगितलं. उत्तर आलं, "विठ्ठलाचं कारण सांगू नका." माळशिरस, करमाळ्याकडे उसाचं बिल कारखान्याने कधी काढलं, यावर गावातल्या दुकानाची उधारी फिटते. मुंबईच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो.

महिनाअखेर

आता २८ तारीख आहे. तीन लाख कमी आहेत. ऑफिसर डिस्ट्रिब्युटरकडे जातो. बोलणं थोडंफार असं होतं.

"शेठ, तीन लाखांचं बिल काढतो."

"कशाला? गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नाही."

"एवढ्या महिन्याचं सांभाळून घ्या. पुढच्या महिन्यात कमी घ्या. दोन टक्के स्कीम मिळवून देतो."

शेठ घेतो. कधी संबंधांपोटी, कधी जुने क्लेम अडकलेत म्हणून. क्लेम म्हणजे दुकानदारांना दिलेली स्कीम, खराब माल, पगाराचा वाटा असे पैसे, जे शेठने आधी खिशातून घातलेले असतात आणि कंपनीकडून यायचे असतात. ते मंजूर करायला ऑफिसरची सही लागते. धमकी कोणी देत नाही, पण कागद कोणाच्या टेबलावर आहे ते दोघांनाही ठाऊक असतं.

असे तीन महिने गेले, की गोडाऊनमध्ये ९ लाखांचा जास्तीचा माल. शेठचं मार्जिन समजा ५ टक्के, म्हणजे २० लाखांच्या खपावर महिन्याला एक लाख. त्यातून दोन सेल्समन, टेम्पो, ड्रायव्हर, गोडाऊनचं भाडं, हिशेबनीस असा सत्तर हजार खर्च वजा करा. हातात तीस हजार. ९ लाखांवर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज धरलं, तर महिन्याला ९ हजार. तीस हजारांतले नऊ हजार फक्त माल पडून राहिला म्हणून गेले. शेठ वैतागतो, ते उगाच नाही.

मग तो सुटका शोधतो. घाऊक व्यापाऱ्याला दोन-अडीच टक्के सूट देऊन पन्नास खोकी काढून टाकतो. घाऊकवाला तोच माल गल्लीतल्या दुकानदाराला आपल्या सेल्समनपेक्षा स्वस्त देतो. पुढच्या मंगळवारी आपला पोरगा नवी पेठेत त्या दुकानाची पायरी चढतो आणि मालक म्हणतात, "तुझ्यापेक्षा स्वस्त होलसेलला मिळतंय रे. तू कशाला येतोस?" स्वतःच्याच कंपनीचा माल स्वतःच्याच पोटावर पाय देतो, तो हा असा. चोवीस बिलांची वीस होतात. सेकंडरी पडतो. म्हणून पुढच्या महिनाअखेरीला आणखी जास्त ढकलावं लागतं.

हे फक्त सोलापुरातलं दुखणं नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला फार पूर्वी दिसलं, की बाळं लंगोट तर दररोज सारखेच भिजवतात, पण कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र वरखाली उसळतात. दुकानाकडून कारखान्याकडे जाताना हेलकावा मोठा होत जातो. मूठ जराशी हलली तरी आसुडाचं टोक लांब फटका मारतं, म्हणून याचं 'बुलव्हिप' हे नावही चाबकावरूनच पडलं. आणि अमेरिकेतल्या सनबीम कंपनीने १९९७ मध्ये तर हद्द केली. उन्हाळ्यात अंगणात मांस भाजायच्या शेगड्या तिने सवलती देऊन ऐन थंडीत दुकानदारांच्या नावे लावल्या. काही माल तर गिऱ्हाइकाकडे पोहोचलाही नव्हता, तरी विक्री दाखवली. पुढे सगळं उघडं पडलं, प्रमुखाची हकालपट्टी झाली, दंड झाला आणि २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आमच्याकडे प्रकरण इतकं टोकाला जात नाही. आमच्याकडे फक्त शेठ एके दिवशी चाव्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "दुसरा माणूस बघा."

मग टीम चालवणाऱ्याच्या हातात काय असतं?

पुष्कळ असतं, पण त्याला वाटतं त्या ठिकाणी नसतं.

पहिली चूक नेमणुकीतच होते. सगळ्यात जास्त माल विकणारा सेल्समन उचलून त्याला ऑफिसर करतात. अमेरिकेतल्या शंभरावर कंपन्यांच्या विक्री-नोंदी तपासून तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवलं, की विक्रीत अव्वल असलेल्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि तेच साहेब झाले की त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी घसरते. मला यात नवल वाटलं नाही, कारण मीच तसा होतो. सेल्समनबरोबर बीटवर जायचो, दुकानात तो तोंड उघडायच्या आत मीच बोलायला लागायचो, मोठी ऑर्डर काढायचो आणि बाहेर येऊन म्हणायचो, "बघितलंस? असं करायचं." तो "हो सर" म्हणायचा. पुढच्या आठवड्यात त्याच दुकानातला मालक त्याला म्हणायचा, "तुझे साहेब आले की ऑर्डर देतो." त्याची किंमत मीच कमी करून ठेवली होती, आणि ते सहा महिने माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढे एका म्हाताऱ्या शेठने मला शिकवलं. म्हणाले, "साहेब, दुकानात तुम्ही गप्प बसा. बाहेर आल्यावर पोराला एकच गोष्ट सांगा. दहा सांगितल्यात तर तो एकही करणार नाही." तेव्हापासून बीटवर मी पिशवी धरायचो. खरंच धरायचो, सॅम्पलची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टीम तेच करते, जे साहेब सकाळी पहिल्यांदा विचारतो. साहेबाचा पहिला प्रश्न "आज बिलिंग किती?" असेल, तर संध्याकाळपर्यंत कुठूनतरी बिलिंग येतं. पहिला प्रश्न "काल किती दुकानांनी ऑर्डर दिली आणि बिलावर किती लाइन?" असा असेल, तर पोरं फळीकडे बघायला लागतात. मी माझ्या सकाळच्या फोनवर प्रायमरीचा आकडा विचारणं बंद केलं आणि दर शनिवारी प्रत्येक डिस्ट्रिब्युटरकडचा शिल्लक माल रोजच्या विक्रीने किती दिवस पुरेल, ते विचारायला लागलो. म्हणजे 'डबा दिला का' हे सोडून 'डब्यात उरलं किती' हे.

आता त्या तीन लाखांच्या खड्ड्याकडे परत या. बिलावरच्या चार लाइनच्या साडेचार झाल्या, म्हणजे दर दोन बिलांमागे एक वस्तू जास्त गेली, तर बाराशेचं बिल साडेतेराशे होतं. चोवीस बिलांचे ३२,४०० रुपये, महिन्याचे ८ लाख १० हजार. सेल्समनमागे ९० हजार वाढले, दोघांचे मिळून १ लाख ८० हजार. खड्डा निम्म्याहून जास्त भरला, आणि गोडाऊनमध्ये एक खोकं न वाढवता भरला. अर्थात हे एका महिन्यात होत नाही, दोन-तीन महिने लागतात. आणि त्याच दुकानाने तीच वस्तू दुसऱ्या खेपेलाही मागितली, तरच ती वाढ खरी. नाहीतर आपण शेठऐवजी दुकानदाराच्या गळ्यात माल मारला, एवढंच.

तिसरी गोष्ट अवघड आहे: वरच्याला "नाही" म्हणणं. नुसतं "होणार नाही" म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी तुमची फाइल उघडते. पण "या सहा डिस्ट्रिब्युटरांकडे पंचवीस दिवसांचा माल पडलाय, आज आणखी टाकला तर पुढचे दोन महिने शून्य येईल, त्याऐवजी तीन महिन्यांत हा साठा पंधरा दिवसांवर आणतो, हा घ्या आठवड्यावार तक्ता" असं म्हटलं, तर निदान ऐकून घेतात. निम्म्या वेळा. उरलेल्या निम्म्या वेळा मीही माल ढकललाय, हे इथे कबूल केलेलं बरं.

"टार्गेट नसेल तर कोण काम करणार?"

टार्गेट नको असं मी म्हणतच नाही. टार्गेट नसलेली टीम दुपारी दोनला टपरीवर सापडते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रश्न आहे कशाचं टार्गेट, हा. दुकानात माल लागण्याचं असेल तर माणूस दुकानात जातो. नुसत्या आकड्याचं असेल तर आकड्याकडे जातो, वाट कोणतीही असो.

दबावाबद्दलही तेच. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं, प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विका. ग्राहकाला एवढं नको होतं. मग कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखो खाती आणि कार्डं उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि आधीच्या पाच वर्षांत सुमारे ५,३०० जणांना या कारणावरून काढून टाकल्याचं बाहेर आलं. एवढी माणसं एकाच वेळी मुळातून चोर होती, असं मानणं मला जड जातं.

"आता तर सगळं ॲपवर दिसतं"

दिसतं खरं. सेल्समन कुठे आहे, किती वाजता दुकानात शिरला, काय ऑर्डर घेतली, सगळं. चांगल्या कंपन्या आता सेकंडरीचा आकडाही रोज बघतात, आणि त्याने ढकलाढकली कमी झालीय, हे मान्य.

पण सेल्समनही ॲपएवढाच हुशार असतो. चाळीस दुकानं दाखवायची सक्ती केली, की तो चौकात उभा राहून आजूबाजूच्या दहा दुकानांत 'मालक नाहीत' असं नोंदवतो. ऑर्डरची सक्ती केली, की ओळखीच्या तीन दुकानांचा माल पंधरा नावांवर वाटून टाकतो. एका महिन्यात माझ्याकडे एका बीटवरच्या सगळ्या दुकानांनी नेमक्या चार-चारच लाइन घेतल्याचं ॲप सांगत होतं. इतकी शिस्त सैन्यातही नसेल. ॲपमधून काही विचित्र दिसलं तर ते प्रत्यक्ष जाऊन बघावं, एवढाच त्याचा खरा उपयोग. बसल्या जागी कान धरायला ते वापरलं, की खोट्याची नवी तऱ्हा निघते.

"दहा मिनिटांत घरी माल येतो, मग सेल्समन राहणार का?"

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत धंदा सरकलाय, यात शंका नाही. दुकानदाराला थेट मोबाइलवर माल देणाऱ्या मोठ्या कंपन्याही आल्यात, आणि त्यांच्या भावाला डिस्ट्रिब्युटर टिकत नाही. याच भांडणात २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता. मोठ्या खरेदीदारांना जो भाव देता तोच आम्हाला द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

मला वाटतं, नुसती ऑर्डर लिहून घेणारा सेल्समन जाईल. ते काम दुकानदाराचा अंगठाही करू शकतो. पण साबण खालच्या फळीवर का गेला, हे मोबाइल विचारत नाही. फाटका माल हातात घेऊन "उद्या बदलून आणतो मालक" असं म्हणून खरंच आणणारा माणूस मंगळवेढ्याच्या बाजारात अजून बराच काळ लागेल.

नव्याने या धंद्यात येणारी मुलं मला विचारतात, कंपनी कशी निवडावी. पगार, मोटरसायकलचा भत्ता, बढती याबद्दल ती स्वतःच नीट विचारतात. मी त्यांना आणखी एक प्रश्न देतो. मुलाखतीच्या शेवटी साहेब म्हणतात ना, "तुम्हाला काही विचारायचंय?" तेव्हा विचारायचं: "सर, मला जो एरिया मिळणार आहे, तिथल्या डिस्ट्रिब्युटरांकडे आज किती दिवसांचा माल आहे?" गेल्या वर्षी एकाने खरंच विचारलं. साहेबांनी लॅपटॉप उघडून आकडा सांगितला, अठरा दिवस. त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीत त्याने तोच प्रश्न केला, तर साहेब हसले आणि म्हणाले, "ते जॉइन झाल्यावर कळेलच." तिथे पगार तीन हजारांनी जास्त होता. पोरगा अठरा दिवसवाल्याकडे गेला.